लाल ठिपक्याचा पेला

देवगाव फाटा
सोमवार, दि. ६ नोव्हेंबर २०२३

ती. पंचफुला अक्कास,
धाकट्या रेणूचा प्रभूमध्ये सप्रेम सलाम. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही, आणि मोबाइलवरच्या अक्षरांना तू मुंग्या म्हणतेस, म्हणून जाड अक्षरात लिहायला बसले आहे. आम्ही खुशाल आहोत असं लिहायची पद्धत आहे, पण काल दुपारपासून माझ्या पोटात अन्नाचा कण ठरेना. यांनी दोनदा लिंबूपाणी दिलं, तेही उलटून पडलं.

काल पहिला रविवार, म्हणजे प्रभुभोजन. नेहमीसारखी भाकर मी भाजली, काळ्या मनुका उकळून रस गाळला, मिशनच्या वेळचा तो मुलाम्याचा पेला चिंचेनं घासून आरशासारखा केला. आमचं प्रार्थनाघर तू बघितलंच आहेस. पत्र्याची एक खोली, सतरंजीवर चाळीसेक माणसं, आणि पेला हातोहात फिरतो. पहिलं गीत चालू असताना मागच्या दाराशी कुणीतरी येऊन बसलं. आधी वास आला, माणूस नंतर दिसला. मेलेलं जनावर तिसऱ्या दिवशी मारतं तसा वास. बायकांनी पदर नाकाला लावले आणि पदराआडून देवाच्या प्रीतीचं गीत म्हणत राहिल्या.

मी वळून बघितलं. खालचा अर्धा जबडाच नाही. गालाच्या जागी मांडीचं कातडं शिवलेलं, त्याच्यावर केस उगवलेले. तोंडाच्या कोपऱ्यातून लाळ, आणि ती टिपायला हातात पंचा, तो चिंब. अक्का, तोंड ओळखू आलं नाही. डोळे ओळखू आले. आपल्या शेंडेफळाचा, राजीचा नवरा. एकोणीस वर्षांनी नाग्या परत आलाय.

पुण्याकडं कुठंतरी वॉचमन होता म्हणे. गुटख्यानं कॅन्सर झाला, ऑपरेशन झालं, आता पुतण्याकडं इथं मळ्यात आणून टाकलंय. बोलता येत नाही. एका वहीत लिहून दाखवतो. सुगत पाळकांना त्यानं लिहून दाखवलं की आपला बाप्तिस्मा झालेला आहे, आपल्यालाही मिळावं. पाळक नवीन, पोरसवदा, मन लोण्याचं. त्यांनी दिलं.

आणि तो पेला फिरत फिरत माझ्याकडं आला. रसावर लाळेची एक तार तरंगत होती. खोटं सांगत नाही, तार होती. दर वेळी पाळक सांगतात की आधी आपलं अंतःकरण तपासा, मग प्या. मी फक्त पेला तपासला. ओठाला लावल्यासारखं केलं, पुढं सरकवला आणि बाहेर जाऊन भडभडून ओकले.

मला त्या जखमेची जितकी किळस आली ना, त्याहून जास्त त्या माणसाची आली. राजी रक्त ओकत होती तेव्हा हा आठ आठ दिवस पिऊन कुठंतरी पडलेला असायचा. तिच्या टीबीच्या गोळ्या दवाखान्यातून आणायचं एवढं एक काम त्याच्याच्यानं झालं नाही. बत्तीस वर्षांची पोर गेली. आणि आता हा आमच्या पंगतीत.

तू सरकारी दवाखान्यात तीस वर्षं काढलीस. एका कागदावर एवढंच लिहून पाठव की अशा रोग्याचं उष्टं पिणं धोक्याचं असतं. तुझा कागद दाखवला की पंचमंडळी ऐकतील.

गुडघ्याला तेल लावत जा. माझ्यावरचा जीव पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
रेणू

*

पाथरी
रविवार, दि. १२ नोव्हेंबर २०२३

चि. रेणूस,
अक्काचा आशीर्वाद आणि सलाम.

तुझं पत्र जीपवाल्या धम्मपालनं आणून दिलं. इकडं आज लक्ष्मीपूजन, फटाके लय वाजायलेत म्हणे. गल्लीतली पोरं माझ्या खिडकीखाली सुतळी बॉम्ब लावतात आणि म्हातारी दचकत कशी नाही म्हणून चक्रावतात. बहिरेपणाचा एवढा एक फायदा.

कागद पाठवत नाही. कॅन्सर उष्ट्यानं लागत नाही. कुणाला लागलेला मी बघितला नाही, कुठल्या डॉक्टरनं सांगितलेला ऐकला नाही. पेल्याचीच भीती वाटत असेल तर सगळ्यांनाच छोटे छोटे पेले करा, कित्येक मंडळ्यांत करतात. पण एकट्यासाठी माझ्या नावानं खोटं लिहायचं तर ते मी नोकरीत असताना केलं नाही, आता कशाला करू?

वास येतो म्हणजे जखम चिघळलेली आहे. कुणी धुत नसेल. पट्टी कोण करतं त्याची?

आता मनातलं लिहिते. तू एकटीच त्याला शिव्या देतेस असं समजू नकोस. राजीच्या मातीला तो आला तेव्हा तोंडाला वास मारत होता. त्या दिवशी मी मनात म्हटलं होतं की देवा, याचं तोंड सडू दे. आता सडलं तर आनंद व्हायला पाहिजे. झाला नाही. पण वाईटही वाटलं नाही. हे तुलाच लिहिते, पाळकाला सांगू नको.

लिंबूपाण्यानं काही होत नाही. दोन दिवस मऊ भात खा. माया आहे तेवढी राहू दे.

अक्का

*

देवगाव फाटा
सोमवार, दि. ४ डिसेंबर २०२३

ती. अक्कास,
सप्रेम सलाम. वि. वि.

तुझ्या कागदावाचून काही अडलं नाही. मीच तोड काढली.

घरातला स्टीलचा एक पेला घेतला आणि ओळखू यावा म्हणून सुनेच्या नखपॉलिशनं बाहेरून लाल ठिपका दिला. काल उपासनेच्या आधी पंचांना दाखवला. छोट्या पेल्यांची गोष्टही काढली, पण पंचांतले भगवानराव म्हणाले की मंडळीचा जुना पेला एका माणसापायी कशाला मोडायचा. त्यांना माझी तोड फार पसंत पडली. म्हणाले, बाईंनी शिक्षिकेचं डोकं चालवलं, सापही मरतो आणि काठीही तुटत नाही.  सुगत पाळक म्हणाले की सगळ्यांची मर्जी असेल तर मी काय बोलू. मला त्यांचा राग आला. नको तर नको म्हणावं. मी नाहीतरी भांडायला तयारच होते.

वेळ आली तसा मोठा पेला त्याच्या पुढून गेला. त्यानं हात पुढं केला होता. तो हात तसाच हवेत राहिला, आणि भगवानरावांनी त्यात ठिपक्याचा पेला ठेवला. त्यानं पेला फिरवून बघितला. ठिपका बघितला. मग सगळ्या खोलीवरून नजर फिरवून थेट माझ्याकडं बघितलं. कुणी त्याला काही सांगितलं नव्हतं, अक्का. कसं कळलं कुणास ठाऊक.

प्यायला. निम्मा गळ्यात, निम्मा सदऱ्यावर. पांढऱ्या सदऱ्यावर ते लालकाळं ओघळलं आणि पुढच्या ओळीतल्या बाईनं आपलं लुगडं आवरून घेतलं. त्याच बाईच्या घरी नवरा रोज शिंदी पितो आणि ती सकाळी त्याची ओकारी भरते. तिला इथं किळस आली. भगवानरावांचं तर विचारूच नको. सख्ख्या भावाशी बांधावरून बारा वर्षं अबोला, आणि पेला हातात घेतला की डोळे मिटून असे थरथरतात की जणू आत्ताच स्वर्गात चालले. काल मी एकेकाकडं बघत होते आणि मला सगळ्यांचीच शिसारी आली. पवित्र माणसं म्हणे!

उपासना सुटल्यावर तो बाहेर नळावर गेला. कुणी सांगायच्या आधीच पेला विसळला, आपल्या पंच्यानं पुसला, आणि खिडकीत पालथा घालून निघून गेला. घातला तोही अगदी कडेला, बाकीच्या भांड्यांना लागणार नाही असा.

माझं म्हणणं खरं झालं, मला बरं वाटायला हवं. पण काल पुन्हा ओकारी आली. या वेळी तर मी पेला पुरता प्यायले होते, स्वच्छ पेला. मग कशानं?

उत्तर लवकर दे. रागावली असलीस तरी दे.

तुझी,
रेणू

*

पाथरी
शनिवार, दि. ९ डिसेंबर २०२३

रेणू,

आशीर्वाद लिहायला हात वळेना, म्हणून नुसतं नाव लिहिलंय.

तू शेवटून दुसरी, तुला आठवणार नाही. मी दहा वर्षांची होते. अण्णा मला बाजाराला घेऊन जायचे. फाट्यावरच्या हॉटेलात बाकी सगळ्यांसाठी कपबशा होत्या. आपल्या लोकांसाठी एक कान तुटलेला कप बाहेर कुडाच्या खबदाडीत ठेवलेला असायचा. अण्णा तो काढायचे, आपल्या हातानं धुवायचे, वरून ओतलेला चहा घ्यायचे, पुन्हा धुवायचे आणि खबदाडीत पालथा घालायचे. कडेला. कुठल्या भांड्याला लागणार नाही असा. तू लिहिलंस ते वाचून मला अण्णांची पाठ दिसली.

आजोबा मिशनमध्ये का गेले, ठाऊक आहे का? उपदेश ऐकून नाही गेले. त्यांना त्यातलं फार काही कळत नव्हतं, असं ते स्वतःच म्हणायचे. गोरा साहेब ज्या पेल्यातून प्यायला त्याच पेल्यातून त्यांना प्यायला दिलं, त्याच जागी ओठ लावून.  एवढ्या एका घोटासाठी आपण ख्रिस्ती झालो. तूच घासतेस तो पेला महिन्याच्या महिन्याला, चिंचेनं.

त्या पेल्याच्या शेजारी तू खबदाडीतला कप नेऊन ठेवलास. वर ठिपका दिलास.

नागेश नालायक असेल. आहेच. पण त्याच्या नालायकीसाठी तू त्याला पेला वेगळा दिलेला नाहीस. नालायकांना वेगळे पेले द्यायचे तर तुम्हाला चाळीस ठिपके द्यावे लागतील, आणि पहिला भगवानरावांच्या. तू दिलास तो किळस आली म्हणून.

पुढं लिहवत नाही.

अक्का

*

मु. देवगाव फाटा
ता. १४

पंचफुला अक्कास,
नागेशचा सलाम.

पत्र पाहून राग येईल. फाडायचं आसल तर वाचून फाडा.

तुमी नर्स होत्या म्हणून ईचारायलोय. जखमेचा वास कमी व्हायला काय करावं? इथल्या दुकानदारानं एक मलम दिलं, त्यानं फरक पडंना. दवाखाना परभणीला सांगितलाय, तिकडं न्यायला पुतण्याला सवड न्हाई. त्याची बायको शिवकन्या भाकरी कुस्करून दुधात घालून देते, कपडे धुते. तिला नाव ठेवत न्हाई. पर ती ताट गोठ्यात ठेवते आन पाठ फिरवून जाते. लहान लेकरं भेतात. ते बी खरं हाय. मी आरशात बघत न्हाई.

दीड वरीस झालं, मी जेवताना समोर कुणी बसलं न्हाई. प्रार्थनाघरात म्हयन्याला एक डाव सगळी एका जागी बसून खातेत. म्हणून जातो. पुण्य पाहिजे म्हणून न्हाई. वास कमी झाला तर मागच्या दाराच्या जरा आत बसता यील.

राजेश्रीचं मी जे केलं ते केलं. माफी मागत न्हाई. तिला मागायची व्हती, ती न्हाई. तुमच्यापाशी मागून ती तिला पोचत न्हाई.

रेणुताईला हे पत्र दाखवू नका. त्यांला माझा त्रास लय झालाय.

औषधाचं तेवढं लिवा.

नागेश

*

पाथरी
बुधवार, दि. २० डिसेंबर २०२३

चि. रेणूस,
आशीर्वाद आणि सलाम.

सोबत नागेशचं पत्र आहे. त्यानं दाखवू नको म्हटलंय, तरी पाठवते. त्याचा शब्द मोडला याचा दोष माझ्या माथी.

पत्र वाचून दोन दिवस मी जुनी ट्रंक उपसत होते. राजीबद्दल तू तेव्हा लिहिलेलं पत्र शोधत होते, ते सापडलं नाही. पण त्या वर्षी मी तुला काय लिहिलं होतं ते मला कागदाशिवाय पाठ आहे. राजी तुझ्याकडं चार दिवस येऊन राहिली होती, दोन हजार चारच्या उन्हाळ्यात. तू मला विचारलंस की घरात लहान लेकरं आहेत, काय करू. मी उलट टपाली लिहिलं की तिचं ताट-पेला वेगळा ठेव, तिला ओसरीवरच राहू दे, आणि फार दिवस ठेवून घेऊ नकोस.

रेणू, ताटा-पेल्यानं टीबी पसरत नाही. खोकल्यानं पसरतो. हे मला तेव्हाही माहीत होतं, ट्रेनिंगच्या पहिल्या वर्षाला शिकवलेलं. हवेशीर खोली द्यायची, तोंडाला कपडा बांधायचा, आणि गोळ्या रोज समोर बसून गिळवायच्या. एवढं केलं असतं तर ती वाचली असती. मी हे लिहिलं नाही. का ते सांगते. गोळ्या समोर बसून कुणी गिळवायच्या, तर नर्सनं. म्हणजे ती माझ्याकडं येणार. घरात सासूबाई होत्या, त्या रोज भांडल्या असत्या. तू तिला परत तिच्या घरी, चारठाण्याच्या जीपमध्ये बसवून दिल्याचं कळवलंस, तेव्हा मला हायसं वाटलं. आत्तापर्यंत कुणाला सांगितलं नाही. एकोणीस वर्षं नागेशच्या नावानं बोटं मोडली, कारण त्याचं पाप दारूसारखं लांबून वास मारायचं. माझ्या पापाला डेटॉलचा वास होता.

मागच्या पत्रात मी तुला फार बोलले. अण्णांचा कप तुझ्या तोंडावर फेकला. ते खोटं नव्हतं, पण मी कुणाला बोलायच्या लायकीची नव्हते.

आता कामाचं. जखम कोमट मिठाच्या पाण्यानं धुवायची, दिवसातून दोनदा. हातात मोजे घाल. वासासाठी एक गोळी कुटून जखमेवर भुरभुरतात, नाव वेगळ्या चिठ्ठीवर लिहिलंय. ती सेलूच्या सरकारी डॉक्टरांना दाखवून, त्यांनी हो म्हटलं तरच घे. किडे असतील तर घाबरू नको, डॉक्टरांना सांग, ते काढून देतात. मी आले असते, पण या गुडघ्यांनी मला जीपची पायरी चढवत नाही.

जायचंच असं मी म्हणत नाही. मला म्हणायचा हक्क नाही. नाताळला करंज्या पाठवते, त्याच्यासाठी रव्याची खीर तूच कर, त्याला चावता येत नाही.

मनात किल्मिष न ठेवता दोन ओळी लिही.

अक्का

*

देवगाव फाटा
सोमवार, दि. ८ जानेवारी २०२४

ती. अक्कास,
रेणूचा सप्रेम सलाम, आणि नव्या वर्षाचाही.

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला एवढे दिवस लागले, कारण आधी तुझाच राग आला. मी तुझा शब्द देवाचा मानून वागले आणि तू आता सांगतेस की तो भीतीचा होता. तीन-चार दिवस चडफडले. मग वाटलं, तू लिहिलं नसतंस तरी मी तेच केलं असतं. तू वेगळा पेला ठेव म्हणालीस. तिला चार दिवस ओसरीवर एकटीला जेवू घाल, असं तर नव्हतीस म्हणाली. ते माझं. ती खोकली की मी आतून दार ओढून घ्यायची. चौथ्या दिवशी तिनं ताट अर्धं टाकलं आणि आपण होऊनच म्हणाली की ताई, मी निघते. मी एकदाही राहा म्हटलं नाही.

नाताळच्या दुसऱ्या दिवशी सेलूला जाऊन डॉक्टरांना विचारलं, सामान आणलं, आणि मळ्यात गेले. शिवकन्या दारातच म्हणाली की बाई, आत जाऊ नका, तुम्हाला सहन व्हायचं नाही. खरंच झालं नाही. पट्टी सोडली आणि आतून जे दिसलं ते तुला लिहायची गरज नाही, तू बघितलेलं आहेस. किडे होते. मी उठून गव्हाणीपाशी जाऊन ओकले. परत आले तर त्यानं वहीत लिहून ठेवलं होतं की ताई जावा, ऱ्हाऊ द्या. मी बसले. पुन्हा उठले. पुन्हा ओकले. तिसऱ्यांदा बसले तेव्हा पोटात काही उरलंच नव्हतं, तेव्हा जखम धुऊन झाली. दुसऱ्या दिवशी त्याला डॉक्टरांकडं नेलं, शिवकन्याचा नवरा जीप घेऊन आला. बिचारी शिवकन्या सोबत आली आणि वाटभर रडली. म्हणाली की मला वाईट वाटतं हो, पण ते तोंड बघितलं की मला घास उतरत नाही, मी काय करू? मी तिला काय सांगणार! तिच्याएवढंही मी राजीचं केलं नव्हतं.

आता एक दिवसाआड जाते. किळस कमी झाली का विचारशील. नाही झाली. वास निम्मा झाला, किळस आहे तेवढीच आहे. तिला सोबत घेऊनच जाते.

परवा मी त्याला राजीच्या चार दिवसांचं सांगितलं. मला वाटलं, त्याला माहीत नसेल. त्यानं वहीत लिहिलं की ती त्या येळी घरी आल्यावर मी ईचारलं व्हतं, ताईकडं कसं झालं. ती म्हणली, ताईनं पोटभर जेवू घातलं, माझ्याच शेजारी ताट घेऊन बसायची.

अक्का, ते खोटं आहे. ती एवढीशी पोर, मरायला टेकलेली, आणि त्या दारुड्या नवऱ्यापुढं माझी अब्रू झाकत होती. मी वही मिटली आणि त्याच्याकडं बघवेना. त्याला ठाऊक आहे का ते खोटं होतं, हे मी विचारलं नाही. त्यानं सांगितलं नाही.

काल पहिला रविवार होता. ठिपक्याचा पेला मी नेलाच नाही. भगवानराव विचारायला आले, तेव्हा म्हटलं की आता एकच पेला. ते म्हणाले, मग आम्ही बाहेर उभे राहतो. मी म्हटलं, राहा, ऊन चांगलं पडलंय. सातआठ जण गेले. बाकीचे राहिले, त्यातले निम्मे पेला नुसता ओठाला लावत होते. मला बरोबर ओळखू येतं, माझीच तऱ्हा. नागेशनं घेतला, आपण होऊन सगळ्यांच्या शेवटी. त्याच्यामागं मी एकटीच होते.

मी प्यायले नाही. तुला खोटं लिहीत नाही. किळस होती, पण त्यानं थांबले नाही. राजीचं ते एक वाक्य आडवं आलं. पाळक म्हणतात की आत बघून मग प्या. आत बघितलं, आणि पेला खाली ठेवला. पुढच्या महिन्यात बघू.

उपासनेनंतर त्याच्यासाठी मऊ खिचडी आणली होती. मी माझं ताट घेऊन त्याच्या समोर बसले. त्यानं खाताना तोंडावर पंचा धरला. मी म्हटलं, काढ तो. मग जेवलो.

चार फेब्रुवारीला ये ना! धम्मपालला सांगते, स्टूल आणून तुला जीपमध्ये चढवील. मला एकटीला जड जातंय.

धाकटीवर आहे तो लोभ वाढता ठेव.

तुझी,
रेणू

*

पाथरी
मंगळवार, दि. ६ फेब्रुवारी २०२४

चि. रेणूस,
अक्काचे आशीर्वाद, मनापासून.

नीट पोचले. धम्मपालनं उतरवताना मला पोत्यासारखं उचललं, सगळ्या गल्लीनं बघितलं. गुडघे दुखायलेत, पण ते घरी बसूनही दुखतात.

जखम चांगली राखली आहेस. दवाखान्यात माझ्या हाताखाली असतीस तर तुला शाबासकी दिली असती. त्याला फार दिवस नाहीत, हे तुलाही दिसतच असेल. मानेला गाठी आल्यात. दुखणं वाढेल तेव्हा डॉक्टरांकडून दुखण्याचं औषध लिहून घे, सोसत ठेवू नको.

तू प्यायलीस ते मी बघितलं. डोळे न मिटता प्यायलीस. तुझ्यानंतर नागेश, आणि नागेशनंतर मी, अशी बसायची जागा मीच सांगून घेतली होती. मोठी नर्स ना मी! महिनोन्‌महिने तुला पत्रातून शिकवत होते.

आता जे लिहिते ते तुला तिथं सांगता आलं नाही. नागेशनं पिऊन पेला माझ्या हातात दिला. कडेला त्याच्या ओठाची ओल होती. तीस वर्षं मी माणसांचं गू-मूत काढलं, पू काढला, कधी नाक मुरडलं नाही. पण ते सगळं हातानं. तोंडानं नाही. अण्णा आठवले, आजोबा आठवले, राजी आठवली, सगळी आठवूनही माझा हात आपोआप हलला. मी पेला अर्धा फिरवला आणि पलीकडच्या कोरड्या कडेनं प्यायले. एवढंसं मनगट वळलं असेल. पाळकांना दिसलं नाही. तू पुढं बघत होतीस. कुणालाच दिसलं नाही.

त्याला दिसलं. तो शेजारीच होता. माझी नजर त्याच्यावर गेली, आणि मला वाटलं, आता हा वहीत काहीतरी लिहील, किंवा नुसता बघत राहील. आणि बघितलं असतं तर ते माझ्या वाट्याचंच होतं.

त्यानं चटकन मान खाली घातली आणि पंच्यानं आपले कोरडे हात पुसत बसला. पुसण्यासारखं काही नव्हतं, रेणू. मला लाज वाटू नये म्हणून पुसत होता. मी पेला पुढं देईपर्यंत पुसत राहिला.

तीन मार्चला पहिला रविवार आहे. धम्मपालला स्टूल घेऊन यायला सांग.

ही कबुली वाचूनही माझी राहा.

अक्का